हसतमुख सेवा

(नवनियुक्त कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणवर्गात केलेले भाषण)



नियम, नस्ती आणि कार्यपद्धती यांविषयी आपण या वर्गात पुष्कळ ऐकले असेल. ज्याची नोंद कोणत्याही आवक-जावक वहीत होत नाही, अशा एका गोष्टीविषयी मला आज बोलावयाचे आहे. ती म्हणजे चेहऱ्यावरील हास्य.

नोकरीच्या आरंभी मी एका तालुक्याच्या गावी लिपिक होतो. एके दिवशी एक वृद्धा निराधार अनुदानाचा अर्ज घेऊन माझ्या मेजापुढे उभी राहिली. मी हरवलेली नस्ती शोधत होतो. मान वर न करता, कपाळाला आठ्या घालून मी म्हणालो, "थांबा!" नस्ती सापडली तेव्हा वृद्धा निघून गेली होती. महिन्याने ती शेजारणीला सोबत घेऊन आली. "साहेब रागात दिसले, म्हणून इचारलं न्हाई," ती म्हणाली. अर्जावर तिचा केवळ अंगठा राहिला होता! माझ्या आठ्यांची किंमत तिने एका दिवसाची मजुरी आणि एक महिन्याचा विलंब अशी मोजली होती.

फ्रेंच वैद्य ड्यूशेन यांनी चेहऱ्याच्या स्नायूंचा अभ्यास करून १८६२ साली दाखवून दिले की, ओठांची टोके वर नेणारा स्नायू आपल्या इच्छेनुसार हलतो. डोळ्यांभोवतीचा स्नायू मात्र मनात खरा आनंद असल्यावाचून सहसा साथ देत नाही. कोरडे हसू समोरच्याला चटकन जाणवते, ते यामुळेच.

हास्याने हसणाऱ्याचाही लाभ होतो. १९ देशांतील ३,८७८ व्यक्तींवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. मुद्दाम हसरा चेहरा केल्यानेही मनाला थोडा उल्हास वाटतो, असे त्यांत आढळले. परिणाम अल्प आहे. पण दिवसभर कागदांच्या ढिगाऱ्यात बसणाऱ्याला तेवढा विसावाही मोलाचा असतो. मनमोकळ्या हसण्याने श्वास खोल होतो, स्नायूंवरील ताण सैलावतो. हास्य हे औषधाची जागा घेणार नाही. मात्र ते माणसांना जवळ आणते. मुंबईच्या एका उद्यानात १९९५ साली डॉ. मदन कटारिया यांनी अवघ्या पाच जणांसह हास्यमंडळ सुरू केले. आज अनेक देशांत अशी मंडळे आहेत. एकत्र हसण्याची माणसाची भूक किती मोठी आहे, हेच त्यावरून दिसते.

तथापि, दोन गोष्टींचे भान ठेवले पाहिजे. पहिली अशी की, हास्य हा कामाचा पर्याय नव्हे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. गोड हसून त्याला उद्या या, परवा या असे सांगणे म्हणजे त्याची फसवणूकच होय. दुसरी गोष्ट म्हणजे, हुकमी हास्य माणसाला थकविते. विमानातील सेविकांना नोकरीचा भाग म्हणून सतत हसावे लागते. त्याचा मनावर पडणारा भार आर्ली हॉकशील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९८३ साली आपल्या ग्रंथात दाखविला. शिवाय मृत्यूच्या दाखल्यासाठी आलेल्या माणसापुढे हसावयाचे नसते. तेथे स्वर मृदू हवा.

मग करावे काय? समोर कोणी आले की हातातील लेखणी क्षणभर खाली ठेवावी. मान वर करून त्याच्याकडे पाहावे, "बसा, काय काम आहे?" असे विचारावे. माणसाकडे माणूस म्हणून पाहिले की डोळ्यांत हसू आपोआप उमटते. ते शिकवावे लागत नाही.

ती वृद्धा दुसऱ्यांदा आली तेव्हा मी तिला खुर्ची दिली. काम झाल्यावर ती हसली. नोकरीत पुढे प्रशस्तिपत्रे मिळाली. पण ते हसू माझ्या स्मरणात त्यांच्याहून अधिक ठळक आहे. आपल्या मेजापुढून कोणीही न विचारता परत जाऊ नये, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.