शिकविणाऱ्यांचे शिक्षण

(परभणी येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेड अशा गावी आपल्यापैकी जे कोणी केशकर्तनाचे अथवा सौंदर्यप्रसाधनाचे वर्ग चालवितात, त्यांच्याशी मला आज मुख्यतः बोलावयाचे आहे.

आपल्या वाडवडिलांना शाळा नव्हती. बापाने धोकटी उघडावी, मुलाने शेजारी बसून पाहावे, वस्तऱ्याला धार लावावी, आणि एके दिवशी एखाद्या समजूतदार म्हाताऱ्याने आपली हनुवटी त्याच्यापुढे करावी, हीच परीक्षा. त्या शिक्षणाला मी कमी लेखीत नाही. परंतु तेव्हा धोकटीत वस्तरा, कात्री, नराणी आणि तुरटीचा खडा एवढेच असे. आज दुकानाच्या फळीवर रसायने आहेत, आणि ती बापालाही ठाऊक नाहीत.

अकोल्याची गोष्ट पुष्कळांनी वाचली असेल. 2022 च्या सुमारास तेथील एका कुटुंबातील तिघींची मूत्रपिंडे बिघडली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टरांनी शोध घेतला, तेव्हा मूळ निघाले गोरेपणाच्या मलमात, आणि ते मलम आले होते गावातल्याच एका प्रसाधिकेकडून. त्यात पारा होता. पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून थोड्याच दिवसांत चेहरा उजळतो, गिऱ्हाईक खूष होते आणि मैत्रिणीलाही घेऊन येते. तोच पारा कातडीतून रक्तात उतरतो व मूत्रपिंडात साठतो. अशा मलमात नकळत आलेला पारादेखील दहा लाख भागांत एका भागाहून अधिक असता कामा नये, असा आपल्या देशाचा नियम आहे. अशी डबी देणाऱ्या बहुतेक जणींच्या मनात कपट नसते. डबीवर काय छापले आहे, किंवा काहीच का छापलेले नाही, हे पाहावयास त्यांना कोणी शिकविलेले नसते. ते शिकविणे आपले काम होय.

केस सरळ करण्याच्या काही मिश्रणांत आता ग्लायऑक्सिलिक आम्ल असते. ते डोक्याच्या त्वचेतून आत जाऊन त्याचे स्फटिक मूत्रपिंडात अडकू शकतात, असे फ्रान्समधील डॉक्टरांनी 2024 साली प्रसिद्ध केले. एका तरुणीस तीन वेळा हा त्रास झाला, आणि तिन्ही वेळा तिने केस सरळ करून घेतले होते. कलपाचेही तसेच. कानामागे थेंबभर लावून 48 तास थांबावे, हे बाटलीवर लिहिलेले असते. पण वर्गात ते किती जण करून दाखवितात?

वडीलधाऱ्यांनी रागावू नये, पण मालिशीनंतर मान कडकन मोडून देण्याची आपली जुनी रीतही आता सोडावयास हवी. त्या झटक्याने मानेतील रक्तवाहिनीचा आतला पदर फाटून मेंदूचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो. केस धुताना मान भांड्याच्या काठावर फार मागे टाकल्यानेही असे घडते, अमेरिकेतील डॉ. वाइनट्रॉब यांनी 1993 साली अशा पाच स्त्रियांची नोंद केली.

नाही म्हणणे हा आपल्या धंद्याचाच भाग आहे. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने आपल्या बांधवांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन करावयाचे नाही, असे त्यांनी ठरविले. त्यात त्यांची मिळकत बुडत होती. मग बिननावाची डबी परत करताना आपण का कचरावे?

राहिला प्रश्न शिकण्याच्या सोयीचा. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत आपला व्यवसाय आहे. प्राथमिक प्रशिक्षण 5 ते 7 दिवसांचे, विद्यावेतन रोज 500 रुपये आणि अवजारांसाठी 15,000 रुपये. याचा लाभ अवश्य घ्यावा. मात्र आठवड्याभरात कारागिराला उजाळा मिळतो, शिक्षक घडत नाही. त्यासाठी शिल्प निदेशकांचा वर्षाचा अभ्यासक्रम आहे, त्यात शिकवावे कसे हेही शिकवितात. ज्यांची मुलेमुली आयटीआय उत्तीर्ण आहेत, त्यांनी त्यांना तिकडे पाठवावे. नाही तर हात आपले राहतील आणि फळ्यापुढे उभे राहणारे दुसरेच असतील.

तोवर वर्षातून दोनदा सर्व वर्गचालकांनी परभणीस एकत्र बसावे, एखाद्या त्वचारोगतज्ज्ञास व औषधनिर्मात्यास बोलवावे, असे मी सुचवितो. येताना प्रत्येकाने आपल्या फळीवरील प्रत्येक डबी आणि बाटली बरोबर आणावी, अर्धी संपलेलीसुद्धा.