अंगमेहनत निराळी, तालीम निराळी
(नागपूर येथें विणकर व शेतकरी मंडळींच्या सभेंत केलेलें भाषण)



आपल्यांतले पुष्कळ जण म्हणतात, "आम्ही दिवसभर राबतों, आम्हांला कसरत कशाला? ती बसून खाणाऱ्यांनीं करावी!" ऐकायला हें खरें वाटतें. पण आपल्या विणकराची पाठ पहा. खड्डामागावर पाय खालीं सोडून, मान वांकवून तो तासन्‌तास बसतो. निंदणाऱ्या बाईची कंबर पहा, ओझीं वाहणाऱ्याचे गुडघे पहा. काम धन्याच्या सोईनें चालतें, म्हणून तें शरीर झिजवतें. तालीम शरीराच्या सोईनें चालते, म्हणून ती शरीर घडवते. हा भेद ध्यानांत धरा.

तालीम आपल्याला नवी नाहीं. जोतीराव फुले पुण्यास लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमींत तयार झाले. शाहू महाराजांनीं कोल्हापुरांत कुस्तीसाठीं खासबाग मैदान बांधविलें. गोळेश्वरच्या शेतकऱ्याचे पुत्र खाशाबा जाधव यांनीं १९५२ सालीं हेलसिंकीस ऑलिंपिकचें कांस्यपदक जिंकलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक पदक.

मी स्वतः पोरपणीं चुकलों. कोणी सांगितलें म्हणून एकदम रोज ३०० बैठका मारूं लागलों. आठ दिवसांत गुडघे सुजले, मजुरी बुडाली, घरची चूल अडली. मग कळलें कीं स्नायू भरतो तो विसांव्यांत. एका अंगाच्या दोन मेहनतींमध्यें एक दिवस मोकळा हवा.

आतां बेत ऐका. आपल्या नगरींत वारांचींच नांवें वस्त्यांना आहेत, तेव्हां विसरण्याची भीति नाहीं. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी: बळाची मेहनत. जोर, बैठका, आणि निंबाच्या फांदीला लोंबकळून अंग वर ओढणें. प्रत्येकाचे ३ फेर, एका फेरांत ८ ते १२. जोर जमेना तर भिंतीला हात टेकून करा. अंग वर जाईना तर नुसतें लोंबकळा. विणकरानें ही ओढण्याची मेहनत चुकवूं नये. वांकल्या पाठीला तीच आधार देते. १२ सहज जमले कीं एक-दोन वाढवा. मंगळवारी व शनिवारी अर्धा तास भरभर चाला. गुरुवारी अंग ताणा. इतवारीला पूर्ण विसांवा.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्यास १५० मिनिटें मध्यम हालचाल व निदान दोन दिवस बळाची मेहनत सांगते. आपलें कामाचें चालणें पहिलींत धरलें जातें. दुसरी मात्र राहून जाते. पेरणी-वेचणीच्या दिवसांत अंग थकलें तर तिनाचे दोन दिवस करा, पण मोडूं नका. वैशाखांत उजाडतांच उरका. छातींत कळ आली तर थांबा व दवाखाना गांठा. दूध-बदामांवांचून अडत नाहीं. ज्वारीची भाकर, तुरीचें वरण, चणे, शेंगदाणे, जमल्यास अंडीं, एवढ्यावर अंग भरतें.

शेवटचें सांगणें पुरुषांना. ही मेहनत घरच्या बाईलाही हवी. उतारवयांत तिचीं हाडें लवकर ठिसूळ होतात, आणि बळाची मेहनत त्यांना जपते. "पाणी भरते, तीच तिची तालीम" असें म्हणूं नका. तिला वेळ कोठला? आठवड्याचे तीन अर्धे तास चूल तुम्ही सांभाळा. तेवढें जमलें, तरच हा बेत आपल्या घरांत लागला असें मी समजेन.