मालगाडी कोठे खोळंबते?



आपल्या परळीच्या औष्णिक वीजकेंद्राला कोळसा मालगाडीने येतो. एका गाडीला साधारण ५८ वाघिणी. वरिष्ठ औद्योगिक अभियंता म्हणजे नुसते हुकूम सोडणारा साहेब, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात वाघीण इंजिनासाठी, तपासणीसाठी, रिकामी होण्यासाठी किती वेळ खोळंबली, याचा हिशेब तो मांडतो. मुदत टळली की डेमरेज पडते, आणि बोट प्रथम मजुराकडे जाते. दोष मजुराचा की व्यवस्थेचा, हे आकड्यांवरून प्रामाणिकपणे सांगणे ही त्याची कसोटी. वेळ वाचवायचा, पण ब्रेकच्या तपासणीतला नव्हे. तेथे जिवाशी गाठ आहे.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुरू झाली. मुलांनो, तिचे केवळ प्रवासी होऊ नका. गणिताबरोबर माणूसही वाचायला शिका.