उतारवयांतील दुचाकी : बुलेट कीं स्प्लेंडर ?

मोटारसायकल हा तरुणांचा विषय, असा एक सार्वत्रिक समज आहे. परंतु सकाळच्या वेळीं मंडईपाशीं, बँकेपुढें किंवा दवाखान्याच्या दाराशीं क्षणभर उभें राहिलें, तर हेल्मेटखालून पिकलेल्या मिशा दिसणारे कितीतरी स्वार दृष्टीस पडतात. फार चालणें गुडघ्यांना झेपत नाहीं, रिक्षा वेळेवर मिळत नाहीं आणि प्रत्येक कामासाठीं मुलांना हांक मारणें मनाला रुचत नाहीं. अशा माणसाची दुचाकी म्हणजे त्याचें स्वातंत्र्यच होय. तें अधिक काळ सांभाळावयाचें कसें, हा आजच्या भाषणाचा प्रश्न आहे. त्यासाठीं आपल्या रस्त्यांवर नित्य दिसणाऱ्या दोन मोटारसायकली विचारांत घेऊं.

पहिली बुलेट. इंग्लंडांतील रॉयल एन्फील्ड कंपनीनें हें नांव १९३२ सालीं आपल्या गाडीला दिलें. १९५५ सालीं मद्रासेस एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघाली, आणि पुढें इंग्लंडांतील कारखाना बंद पडला तरी मद्रासची बुलेट चालूच राहिली. दुसरी स्प्लेंडर. ती १९९४ सालीं हीरो होंडानें बाजारांत आणिली. हे दोन भागीदार विभक्त झाल्यानंतर ती एकट्या हीरोच्या नांवानें चालूं लागली. आजच्या बुलेटचें इंजिन ३४९ सीसीचें, तर स्प्लेंडरचें अवघें ९७ सीसीचें. एक गल्लीच्या तोंडाशीं असतांनाच घरच्यांना वर्दी देते. दुसरी केव्हां आली नि केव्हां गेली, हें शेजाऱ्याला कळतहि नाहीं.

तीस वर्षें जुनी बुलेट चालवून साठी ओलांडलेला एखादा गृहस्थ डोळ्यांपुढें आणावा. ती गाडी सुरू करणें हा एक विधीच होता. डीकॉम्प्रेशनची कळ दाबून, मीटरचा कांटा मध्यावर येईपर्यंत किक हळूच खालीं न्यावयाची आणि मग सर्व भार देऊन एकच किक मारावयाची. चुकल्यास ती उलट उसळून घोट्याला प्रसाद देई. आजच्या बुलेटला केवळ बटण आहे, किक नाहीं. स्प्लेंडरला बटणहि आहे आणि किकहि. बॅटरी दगा देईल त्या दिवशीं हा भेद लक्षांत येतो. एरव्हीं गाडी सुरू करण्याची धास्ती दोघींनींहि संपविली आहे.

वजनाची धास्ती मात्र उरली आहे. बुलेट १९५ किलोंची, स्प्लेंडर ११२ किलोंची. मधलें अंतर ८३ किलोंचें, म्हणजे एका भरदार पुरुषाएवढें. गाडी वेगांत असतांना हें वजन जाणवत नाहीं. उलट साताऱ्याच्या हमरस्त्यावर शेजारून मालमोटार गेली, तर तिच्या झोतानें स्प्लेंडर हलते आणि बुलेट आपल्या वाटेनें स्थिर चालते. लांबच्या प्रवासांत बुलेटचें संथ इंजिन अंगाला कमी शिणविते, हेंहि मान्य केलें पाहिजे.

परंतु वयस्क माणसाची गाडी पडते ती बहुधा हमरस्त्यावर नव्हे. ती पडते फाटकाशीं वळवितांना, खडीवर थांबतांना, चढावर मागें घेतांना. चाकें फिरत असतात तोंवर गाडी स्वतःला तोलते. चाकें थांबलीं कीं तिला तोलण्याचें काम एका गुडघ्यावर येतें. बुलेट जरा अधिक कलली, तर तो गुडघा तिला सांवरूं शकत नाहीं. स्प्लेंडर बहुधा सांवरली जाते. स्प्लेंडरचें आसनहि दोन सेंटिमीटर खालीं आहे. तेवढ्या अंतरानें कित्येकांच्या चवड्यांऐवजीं पूर्ण पाऊल जमिनीला टेकतें.

म्हणून जुन्या स्वारानें आज उठून हलकी गाडी घ्यावी, असें मात्र नव्हे. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असे. स्प्लेंडरवर, आणि नव्या बुलेटवरहि, हें उलट आहे. एखादें पोर अचानक आडवें आलें असतां तीस वर्षांची संवय डोक्याला न विचारतां डावा पाय दाबते. गाडी थांबण्याऐवजीं वरचा गिअर पडतो आणि ती पुढेंच जाते. तेव्हां नवी गाडी घेतल्यावर निदान पंधरा दिवस मोकळ्या मैदानांत थांबण्याचा सराव करावा, आणि मगच रहदारींत शिरावें.

निवड करितांना दुकानदाराच्या शब्दापेक्षां आपल्या शरीराची साक्ष काढावी. दोन्ही पाय टेकवून बसून पाहावें. इंजिन बंद ठेवून गाडी दहा पावलें मागें ढकलावी. ती डबल स्टँडला लावून पुन्हां उतरवावी. हें सारें दम न लागतां जमलें, तर गाडी आपली. न जमल्यास ती कितीहि आवडती असो, आपली नव्हे. कायद्यानेंहि पंचावन्न वर्षांनंतर परवान्याची मुदत पांच वर्षांची ठेविली आहे. हीच परीक्षा त्यापेक्षां लौकर, दरवर्षीं, आपली आपण घ्यावी.

ज्याची शरीरसंपत्ति उत्तम आहे आणि ज्याचा प्रवास लांबचा आहे, त्यानें बुलेट खुशाल ठेवावी. ज्याचा प्रवास घर, मंडई आणि नातवाची शाळा एवढाच आहे, त्याला स्प्लेंडर अधिक वर्षें साथ देईल. बुलेटवरून उतरून स्प्लेंडरवर बसण्यांत कित्येकांना कमीपणा वाटतो. परंतु जड गाडीच्या हट्टापायीं एकदां पाय मोडला, तर दोन्ही गाड्या अंगणांतच राहतात आणि स्वार खिडकींतून रस्ता पाहत बसतो. त्यापेक्षां वेळींच हलकें झालेलें बरें.