एक जंतू, अनेक रोग : एका नामकरणाची हकीकत



नाव ठेवणे हे वरकरणी अगदी निरुपद्रवी काम वाटते. परंतु रोगांच्या बाबतीत चुकीचे नाव ज्ञानाची वाट अडवून बसते, आणि त्याची किंमत रोग्याला मोजावी लागते. आज मी आपणांपुढे एका जंतूच्या नामकरणाची हकीकत मांडणार आहे. स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनीस हे त्याचे शास्त्रीय नाव. ज्या वंशात तो मोडतो, त्या वंशाला मराठीत मालागोलाणू म्हणतात.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वैद्यकाच्या ग्रंथांत सूतिकाज्वर, धावरे, लोहितांग ज्वर, घशाची सूज, चिघळलेली जखम आणि सांधे धरणारा संधिज्वर यांची वर्णने वेगवेगळ्या प्रकरणांत आढळत. प्रत्येकाचे नाव निराळे, म्हणून कारणही निराळे, अशी समजूत होती. या समजुतीला पहिला मोठा तडा व्हिएन्नात गेला. तेथील प्रसूतिगृहाच्या ज्या विभागात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, त्या विभागात १८४६ मध्ये शंभरांतील सुमारे अकरा माता दगावल्या. मार्च १८४७ मध्ये याकोब कोलेट्श्का हा प्राध्यापक शवविच्छेदनाच्या वेळी सुरीची जखम होऊन वारला. त्याच्या शरीरातील विकृती इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने पाहिल्या, आणि त्या सूतिकाज्वराने मेलेल्या स्त्रियांच्या विकृतींसारख्याच आहेत हे त्याच्या ध्यानात आले. पुरुषाला सूतिकाज्वर कसा व्हावा? म्हणजे रोगाच्या नावातच फसगत होती. शवागारातून येणाऱ्या हातांवाटे हा रोग पसरतो असे ताडून त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम घातला, आणि १८४८ मध्ये त्या विभागातील मृत्यूंचे प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास आले. जंतू मात्र अद्याप कोणी ओळखला नव्हता. सेमेलवाइसचे म्हणणे त्याच्या हयातीत फारसे मानले गेले नाही. १८६५ मध्ये तो वारला.

पुढे त्याच शहरात थिओडोर बिलरोथ या शल्यचिकित्सकाला चिघळलेल्या जखमांत आणि धावऱ्यात साखळीसारखे गुंफलेले गोल जंतू दिसले. वळलेली माळ आणि दाणा अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून १८७४ मध्ये त्याने त्यांना स्ट्रेप्टोकॉकस म्हटले. गंमत अशी, की बिलरोथच्या मते ही स्वतंत्र जात नव्हती. एकाच बहुरूपी जंतूचे ते एक रूप होते. नाव टिकले, कल्पना मागे पडली. १८७९ मध्ये पॅरिसच्या वैद्यक अकादमीत सूतिकाज्वराच्या कारणांवर वाद चालला असता लुई पाश्चर यांनी फळ्यावर हीच माळ काढून दाखविली. १८८३ मध्ये फेलाइसेन यांनी धावऱ्यातील मालागोलाणू वेगळा करून वाढविला. १८८४ मध्ये रोझेनबाख यांनी पुवातील मालागोलाणूला ‘पायोजेनीस’, म्हणजे पू उत्पन्न करणारा, असे विशेषण जोडले.

येथे जुनी चूक नव्या वेषात परत आली. पूर्वी रोगांना निरनिराळी नावे होती; आता धावऱ्याचा मालागोलाणू निराळा, लोहितांग ज्वराचा निराळा, पुवाचा निराळा, अशा जाती कल्पिल्या जाऊ लागल्या. सूक्ष्मदर्शकाखाली तर सगळ्या माळा सारख्याच दिसत. मग भेद कशावरून करावा?

पहिली उपयुक्त कसोटी रक्ताने दिली. १९०३ मध्ये शॉटम्यूलर यांनी रक्त मिसळलेल्या पोषकावर हे जंतू वाढविले, तेव्हा काहींच्या वसाहतींभोवती रक्तकोशिका पूर्णपणे विरघळून स्वच्छ वलय उमटले, तर काहींच्या भोवती नुसती हिरवट छटा आली. ब्राउन यांनी १९१९ मध्ये या प्रकारांना आल्फा, बीटा, गॅमा अशी नावे रूढ केली. परंतु स्वच्छ वलय उमटविणारे जंतू गाईंत आणि घोड्यांतही सापडत. ही कसोटी चाळणीसारखी होती. धान्य निवडून देण्याइतकी बारीक नव्हती.

ते बारीक काम न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत रिबेका लान्सफील्ड या विदुषीने केले. हा जंतू कोठून आला आणि त्याने कोणता रोग केला, हे प्रश्न तिने क्षणभर बाजूला ठेवले आणि तो घडला कशाचा आहे, एवढेच विचारले. आम्लात उकळून जंतूच्या भित्तीतील शर्करामय पदार्थ वेगळा काढावयाचा, आणि सशाच्या रक्तरसातील प्रतिद्रव्याशी त्याचा साका बनतो की नाही ते पाहावयाचे, अशी तिची रीत होती. १९३३ मध्ये तिने १०६ नमुन्यांची पाच गटांत विभागणी प्रसिद्ध केली. माणसांच्या रोगांतून मिळालेले बहुतेक नमुने ‘ए’ गटात पडले. धावरे, सूतिकाज्वर, लोहितांग ज्वर आणि घशाची सूज यांच्या जंतूंना एकच घर मिळाले. त्या घरातील निरनिराळ्या बिऱ्हाडांची ओळख तिला एम नावाच्या प्रथिनावरून पटली. आज त्या प्रथिनाच्या जनुकाचा क्रम वाचून दोनशेहून अधिक प्रकार सांगता येतात.

लोहितांग ज्वराचे कोडेही सुटले. त्यात अंगावर पुरळ उठविणारे विष ज्या जनुकांपासून बनते, त्यांतील प्रमुख जनुके जंतूत शिरणाऱ्या विषाणूबरोबर येतात. तेव्हा पुरळावरून निराळी जात मानणे म्हणजे पाहुण्याच्या छत्रीवरून यजमानाचे नाव ठरविण्यासारखेच होते.

या साऱ्या खटाटोपाचा सामान्य माणसाला लाभ कोणता, असे आपण विचाराल. उत्तर संधिज्वरात आहे. या रोगात सांधे सुजतात आणि मुलाच्या हृदयाच्या झडपा कायमच्या निकामी होऊ शकतात. पण त्या सुजलेल्या सांध्यांत जंतू सापडत नाही. तो दोन-तीन आठवड्यांपूर्वी घशात येऊन गेलेला असतो. घसा दुखणे आणि हृदय बिघडणे ही एकाच हकीकतीची दोन टोके आहेत, हे ‘ए’ गटाची ओळख पटल्यावरच नीट जुळविता आले. १९५० मध्ये अमेरिकेतील एका लष्करी तळावरील अभ्यासाने दाखविले, की घशाचा हा रोग पेनिसिलिनने वेळीच बरा केल्यास संधिज्वर टळतो. औषध स्वस्त आहे आणि या जंतूवर आजही गुणकारी आहे. तरीही हृदयाच्या झडपा निकामी झालेली मुले भारतात आजही आढळतात, कारण दुखणारा घसा घेऊन दवाखान्यात कोणी सहसा जात नाही.

शेवटी एक सावधगिरीची सूचना. ‘ए’ हा गट आणि पायोजेनीस ही जात एकच नव्हेत. दुसऱ्या काही जातींच्या भित्तीतही तोच शर्करामय पदार्थ क्वचित आढळतो. शिवाय ‘पू करणारा’ हे वर्णनही अपुरे आहे, कारण या जंतूमुळे होणारी सर्वांत दीर्घकाळची हानी पुवाशिवायच होते. तरीही १९८० मध्ये जंतूंच्या अधिकृत नावांची यादी झाली, तेव्हा हेच नाव कायम राहिले. ते योग्यच झाले. नाव हे जंतूचे संपूर्ण चरित्र नव्हे. सर्वांनी एकाच वस्तूकडे बोट दाखवावे, एवढ्यासाठी ते असते. व्हिएन्नातल्या त्या मातांच्या वेळी असे बोट दाखविता आले नव्हते. आज ते दाखविता येते. तेव्हा घरातल्या मुलाचा घसा ताप येऊन दुखू लागला, तर तो डॉक्टरांना दाखवावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.