मधुमेह : औषध, आहार आणि अर्थकारण

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. औषधांचा पुरवठा सुधारला आहे, हे मान्य करावे लागेल. यकृतातून रक्तात येणाऱ्या साखरेला आळा घालणारे मेटफॉर्मिन स्वस्त आहे. सिटाग्लिप्टिनचे पेटंट २०२२ मध्ये संपताच त्याची किंमतही झपाट्याने उतरली.

अडचण मागणीच्या बाजूची आहे. वाढलेली साखर बहुधा दुखत नाही. म्हणून ती आटोक्यात येताच गोळी परस्पर बंद होते आणि पैसे वाचल्याचा भास होतो. पुढे मूत्रपिंडे निकामी झाली की डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते.

आहाराचा प्रश्न याहून बिकट आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात भरडधान्याचा समावेश असला, तरी शिधापत्रिकेवर मुख्यतः तांदूळ आणि गहूच मिळतो. डाळी-भाज्या परवडत नसलेल्या कुटुंबाला ‘भात कमी करा’ असे सांगणे (आणि सांगणाऱ्याला ते फुकट पडते) म्हणजे अर्धपोटी राहायला सांगणे होय. त्यातही इन्शुलिन घेऊन जेवण टाळल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरते.