गुण किती आणि क्रमांक कितवा?
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



नापास झालेल्या मुलांविषयी आपण पुष्कळ बोलतो. मी आज बोलणार आहे ती उत्तम पास होऊनही तोंड पाडून बसणाऱ्या मुलांविषयी. डॉक्टरीच्या प्रवेशपरीक्षेचे नाव 'नीट' खरे, परंतु तिच्या निकालाने नीट चाललेली घरे कशी विसकटतात हे आपल्यापैकी कितीतरी जणींनी पाहिले असेल.

माझ्या ओळखीच्या एका मुलीला २०२५ साली ७२० पैकी ६०४ गुण मिळाले. दोन दिवस ती धड जेवली नाही. कारण काय, तर तिच्या आतेबहिणीला आदल्या वर्षी ६५० मिळाले होते. त्यात आईने सहज विचारले, "अगं, सेहेचाळीस गुण गेले कुठे?"

वास्तविक ते कुठेच गेले नव्हते. २०२३ साली साऱ्या देशात दोघांना पैकीच्या पैकी गुण मिळाले. २०२४ च्या पहिल्या निकालात असे ६७ निघाले. आणि २०२५ चा पेपर, त्यातही पदार्थविज्ञानाचा भाग, इतका अवघड निघाला की देशात पहिल्या आलेल्या मुलालाच ६८६! त्या वर्षी ६५० च्या वर अवघे ७३ जण होते आणि ६०१ ते ६५० मध्ये १,२५९. दोन्हींची बेरीज करा. परीक्षेला बसलेल्या सुमारे बावीस लाखांत आपली ही मुलगी पहिल्या १,३३२ मध्ये होती. आतेबहिणीच्या वर्षी मात्र ६५० गुणांवर वीस हजारांहून अधिक मुले पुढे उभी होती. दुष्काळातले दहा पोती धान्य आणि सुकाळातले वीस पोती यांची तुलना कोणी शेतकरीण करील काय? आपण मात्र जिन्यात उभ्या राहून तेच करतो, आणि मुले आतून ऐकत असतात.

म्हणून या मुलांचे सारेच रडणे खोटे आहे असे मी म्हणणार नाही. या परीक्षेत बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक वजा. एक प्रश्न हुकला की पाच गुणांचा फरक पडतो, आणि वरच्या टोकाला पाच गुणांत शेकडो, कधी हजारो मुले असतात. दिल्लीच्या एम्समधील खुल्या जागा तर पहिल्या शंभरातच संपतात. तिथेच जायचे म्हणून दोन वर्षे सणवार सोडलेल्या मुलाला "एवढे मिळाले, पुरे झाले की" हे आपले सांत्वन टोचतेच.

शिवाय २०२४ साली जे घडले त्याचा राग तर रास्तच होता. पदार्थविज्ञानाच्या एका प्रश्नाला दोन उत्तरे ग्राह्य धरली गेली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या आय.आय.टी.तील तज्ज्ञांचे मत मागवले, तेव्हा एकच उत्तर बरोबर ठरले. लाखो मुलांचे पाच-पाच गुण उतरले. वाढीव गुण आधीच रद्द झाले होते. शेवटी ६७ चे १७ राहिले. ४ जूनला पेढे वाटलेल्या घरांत २६ जुलैला नवा निकाल आला. पाटणा आणि हजारीबाग येथे पेपर फुटल्याचेही न्यायालयाने मान्य केले. अशा वेळी मुलाला "तूच कमी पडलास" म्हणणे हा अन्याय आहे.

त्या मुलीच्या आईला मी हीच बेरीज कागदावर करून दाखवली. त्या माउलीने कागद घडी करून पदराआड घेतला आणि तडक घरी गेली. आपल्या राज्यातील सरकारी कॉलेजांत पंच्याऐंशी टक्के जागा राज्याच्या मुलांना असतात, तेव्हा मुंबई-पुण्याची नावाजलेली कॉलेजे मुलीच्या आवाक्यात होती. पसंतीक्रम भरायला दोघी माझ्याकडेच बसल्या. मुलगी म्हणाली, "काकू, दिल्ली तरी पहिली लिहूच." मी म्हटले, लिही की. पैसे थोडेच पडतात! मग दुसऱ्या नंबरावर मुंबई की पुणे यावरून मायलेकींचे जे जुंपले, ते चहा दोनदा गरम करीपर्यंत चालू होते.